वद्य चतुर्दशीची होडी

दारात महाकाल असताना दुसऱ्या महादेवाला भेटायला गाडी हाकत थेट समुद्रापर्यंत कशाला जायचं, हा माझा पहिला प्रश्न होता. मी तो सासऱ्यांना विचारलाही. माधव नगरच्या आमच्या घरात सुनेने सासऱ्यांशी वाद घालायची मुभा आहे, किंबहुना बाबांना त्याशिवाय चहा गोड लागत नाही. ते हसून म्हणाले, "बेटा, महाकाल राजा आहे. राजाला सगळेच भेटतात. तो बेटावरचा आपल्या घरचा आहे."

घरचा खरा, पण घरातल्या कोणीच त्याला पाहिलेलं नव्हतं. आमचे पूर्वज दरबारच्या चाकरीत कोकणातून माळव्यात आले ते इथलेच झाले. आमची भाषाही अर्धी हिंदी झाली. मागचं म्हणून एवढंच उरलं, की आपलं कुलदैवत कोकणातल्या एका बेटावरचा महादेव आणि मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीला त्याची जत्रा. बाबांच्या वडिलांनी हे त्यांना सांगितलं आणि बाबांनी माझ्या नवऱ्याला. जायचं मात्र प्रत्येकाने पुढच्या वर्षावर ढकललं.

या वर्षी ढकलता येणार नव्हतं. बाबांना काचबिंदू आहे. डावा डोळा केव्हाच गेला आणि उजव्याने किल्लीच्या भोकातून पाहावं तेवढंच दिसायचं. ताटात पोळी दिसली तर भाजी सापडत नसे. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली टिकवायची, असं डॉक्टर म्हणाले, आणि ती किती टिकेल हे त्यांनाही सांगता येईना. त्या संध्याकाळी बाबा म्हणाले, "नजर आहे तोवर एकदा बघून येऊ." या माणसाने माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. माझी श्रद्धा तेव्हा यथातथाच होती, पण बाबांवर माझा फार जीव आहे. मी नकाशा काढून बसले.

आखणी हा माझा प्रांत. सगळा प्रवास बेटावर नेणाऱ्या होडीच्या खुंटीला बांधायचा होता. बेटाला धक्का नाही, खडकात कोरलेल्या पायऱ्या आहेत, आणि भरतीचं पाणी पूर्ण चढलं तरच होडी त्यांना लागते. चतुर्दशीची भरती सकाळी, म्हणजे आदल्या संध्याकाळी गावात पोचायलाच हवं. किनाऱ्याचा रस्ता खाड्यांपाशी तुटतो, तिथे गाडी जंगरवर, म्हणजे गाड्या नेणाऱ्या मोठ्या बोटीवर, चढवून पलीकडे न्यायची. तिची शेवटची फेरी चुकली की लांबचा वळसा. त्यात बाबांना ऊन डोळ्यावर सोसत नाही. दुपारनंतर आम्ही दक्षिणेकडे निघणार, सूर्य उजवीकडे येणार, म्हणून बाबांना डावीकडे बसवायचं, इथपर्यंत मी ठरवलं होतं. टावर चौकातून त्यांना काळा चष्मा आणि टोपी आणली. मुक्कामाच्या ठिकाणी फोन करून चतुर्दशीला होडी बेटावर जाते ना, हेही विचारलं. जाते, असं उत्तर आलं. तारीख तेवढी बाबांनी पंचांगातून काढून दिली होती. पंचांग त्यांचं खातं, त्यात मी लुडबूड करत नाही.

प्रवास फार छान झाला. एका वळणावर अचानक समुद्र आला तेव्हा बाबांनी गाडी थांबवायला लावली. उतरून त्यांनी मान एका टोकापासून सावकाश फिरवायला सुरुवात केली. ती फिरतच राहिली. "किल्लीच्या भोकात हा काही मावत नाही रे," ते नवऱ्याला म्हणाले, आणि आम्ही तिघंही हसलो. हसताना माझे डोळे भरून आले होते. खाड्या वेळेवर ओलांडल्या आणि उजेड असतानाच गावात शिरलो. मी स्वतःवर खूश होते.

गावात जत्रा नव्हती. मांडव नाही, दुकानं नाहीत, साधी पताका नाही. मुक्कामाच्या मालकांना विचारलं तर ते गोंधळून म्हणाले, जत्रा पुढच्या महिन्यात, आता तर कार्तिक चाललाय. मग होडीचं काय, असं मी जरा चढ्या आवाजातच विचारलं. होडी जाते, ते म्हणाले, पण ती गुरवांची. जत्रेआधी देऊळ धुवायला जातात, पाहुण्यांना नेत नाहीत.

बाबा खुर्चीवर बसले आणि काही वेळाने त्यांनीच चूक शोधली. उत्तरेत महिना पौर्णिमेला संपतो, महाराष्ट्रात अमावास्येला. त्यामुळे शुद्ध पक्ष दोन्हीकडे एकच असतो, पण वद्य पक्ष आमच्या उज्जैनच्या पंचांगात महिनाभर आधी येतो. बाबांना हे ठाऊक नव्हतं असं नाही. श्रावण सरून भादवा लागला तरी महाकालाची सवारी का निघते, तर ती जुन्या मराठी महिन्याने चालते म्हणून, हे ते घरी आलेल्या प्रत्येकाला ऐकवतात. आणि कुलदैवताचा मराठी महिना त्यांनी उज्जैनच्या पंचांगात पाहिला होता. "महाकालाच्या गावचा माणूस, और महीना ही चूक गया," ते म्हणाले. एरवी मी त्यांना चिडवलं असतं. त्या संध्याकाळी ते जेवले नाहीत. नवरा म्हणाला, पुढच्या महिन्यात परत येऊ. डोळा तोवर थांबेल का, हे कोणाला ठाऊक होतं!

सकाळी निदान किनाऱ्यावरून हात जोडू म्हणून गेलो. पाणी गावच्या धक्क्याच्या वरच्या पायरीपर्यंत चढलेलं होतं. बाबांनी त्याचा आवाज ऐकला आणि ते पुटपुटले, "तिथी बरोबर आहे. महिनाच चुकला." मग त्यांनी चप्पल काढली, हात जोडले आणि डोळे मिटले. नवरा गाडी लावत होता, मी पिशवीतून नारळ काढत होते. मान वर केली तर बाबांचे हात बेटाकडे नव्हतेच. नांगरून ठेवलेल्या एका मासेमारी होडीला ते मनोभावे नमस्कार करत होते.

मी पुढे होण्याआधीच एक बाई तिथे पोचल्या. शेजारी गुरवांची होडी भरत होती, खराटे, घमेली, चुन्याच्या बादल्या, आणि त्या गुरवांच्या मंडळी होत्या. त्यांनी हातातला खराटा खाली ठेवला, बाबांना खांद्यांना धरलं आणि हळूच बेटाकडे वळवलं.

"देव इकडं हाय, बाबा. दिसत नाय काय?"

"थोडं दिसतं. जवळ गेलं की," बाबा म्हणाले.

बाईंनी आमची चौकशी केली नाही. आम्ही कोण, कुठले, हे त्यांनी होडीत बसल्यावर विचारलं. किनाऱ्यावर त्या फक्त आपल्या नवऱ्याकडे वळून म्हणाल्या, "यांना जवळ न्यायला हवं." गुरवांनी एकदा बाबांकडे पाहिलं आणि चुन्याच्या बादल्या एका बाजूला सरकवल्या.

बेटावरचं देऊळ लहान आहे. जत्रेला गाभाऱ्यात कोणाला सोडत नाहीत, असं गुरवांनी सांगितलं. पिंडीवर चांदीचा मुखवटा आणि गळ्यापर्यंत फुलं असतात, लोक बाहेरच्या मंडपातून दर्शन घेऊन सरकतात. त्या गर्दीत बाबांना पुढच्या माणसाची पाठ तेवढी दिसली असती. आज मुखवटा उजळायला गावात नेलेला होता. पिंड उघडी होती, नुकतीच धुतलेली, काळी आणि ओली. बाईंनी बाबांच्या हातात कळशी दिली आणि त्यांना अगदी जवळ बसवलं.

बाबांनी पाणी घातलं. मग वाकून, मान थोडी थोडी हलवत, त्यांनी तो दगड तुकड्यातुकड्याने पाहिला. समुद्र मावला नव्हता, पण हा मावत होता. बाहेर खराटे चालू होते. मी दाराशी उभी होते आणि मला त्यांचा चेहरा दिसत होता. असा चेहरा मी कुठल्याच देवळात पाहिलेला नाही, आणि त्या क्षणी माझे हात आपोआप जोडले गेले.

"याला पांढरी रेघ आहे गं," ते म्हणाले. "खालून डावीकडून निघते आणि वर जाते. जानव्यासारखी."

खरंच होती. आमच्या घरात ही गोष्ट कोणालाच माहीत नव्हती. पाणी उतरू लागल्याची हाक आली तेव्हा बाबा स्वतःहून उठले.

घरी परतल्यावर काही आठवड्यांत उजवा डोळाही मंदावला. औषधं चालू होती, हयगय कोणाची नव्हती, जायचं ते गेलं. आता बाबांना उजेड आणि सावली तेवढी कळते. खरी मार्गशीर्ष वद्य चतुर्दशी आली त्या दिवशी गुरवांच्या मंडळींनी मोबाइलवर जत्रेचं चित्रण पाठवलं. ढोल, माणसांचा समुद्र, आणि दूर कुठेतरी चांदीचा एक ठिपका. मी बाबांच्या शेजारी बसून वर्णन करू लागले आणि मध्येच थांबले. या दिवसाच्या हिशेबाने निघालो असतो, सगळी आखणी बिनचूक जमली असती, तर बाबांना काय दिसलं असतं, हे माझ्या एकदम ध्यानात आलं.

बाबांनी माझा हात ओढून घेतला आणि तळव्यावर बोटाने एक रेघ काढली, खालून डावीकडून वर.

"चुकलो नव्हतो, बेटा," ते म्हणाले. "बुलावा जल्दी आया था."

एरवी मी वाद घातला असता. आखणी मी अजूनही करते, भरतीची वेळही काढीन, ऊन कुठल्या बाजूने येईल तेही पाहीन. पण महिना ठरवणारा दुसरा कोणी आहे, हे मी त्या दिवशी मान्य केलं. बाबांनी बोट उचललं तरी मी तळवा बराच वेळ मिटला नाही.