जबल जैसवरची मिसळ

अनुराधा कर्णिकने पिकअप घेतली तेव्हा आखातातल्या अल मनखूल वस्तीतल्या निम्म्या बायकांनी नाकं मुरडली. केटरिंगवाल्या बाईने ड्रायव्हर ठेवावा, स्वतः स्टिअरिंगवर बसू नये, हे त्यांचं मत. अनुराधाला असली मतं ऐकायला वेळ नव्हता. तिला जबल जैस डोंगरावरची ऑर्डर हवी होती.

मूळच्या वसईच्या सिरिलचा इथला सायकल क्लब हिवाळाभर दर शनिवारी तो डोंगर चढतो. वर पोचलं की सगळ्यांना गरम खायला लागतं. गेल्या वर्षी हे काम प्रकाश या दुसऱ्या केटरिंगवाल्याकडे होतं. यंदा सिरिलने सरळ सांगितलं, "पहिल्या शनिवारी चहा प्रकाशचा, मिसळ तुमची. ज्याचं वेळेवर आणि गरम येईल, अख्खा सीझन त्याचा."

झालं! आदल्या दिवशी बाई गाडी घेऊन गॅरेजात. टायरमधली हवा तपासली, फॉग लॅम्प बसवले, मागे ताडपत्री ताणून बांधली आणि वायपरची रबरं बदलायला सांगितली. तिचा नवरा उल्हास हसत सुटला.

"अगं, इथे पाऊस पडतो किती? वायपर कसले बदलतेस?"

"म्हणूनच. हात लावून बघ."

जुन्या रबराचा उन्हाने पार पापड झाला होता. उल्हासच्या बोटांत त्याची कडाच तुटून आली.

"बरं बाई, खलास. बदल."

शनिवारी उजाडताना ते पायथ्याशी पोचले, तर डोंगर ढगात गडप. चढाला लागल्यावर थंडी वाढली आणि बारीक, धुळकट पाऊस सुरू झाला. पुढच्या गाड्या चारही इंडिकेटर लुकलुकवत निघालेल्या. थांबलंय कोण आणि चाललंय कोण, काही कळेना.

"तूही लाव ना," उल्हास म्हणाला.

"आणि वळताना काय दाखवू, हात? गप्प बस जरा."

नवे वायपर काच लख्ख पुसत होते. ती दुसऱ्या गिअरवर, कडेची पांढरी रेघ धरून चढत राहिली. एका वळणाजवळच्या पार्किंगमध्ये प्रकाशची व्हॅन उभी दिसली. प्रकाश बाटलीतलं पाणी काचेवर ओतून रुमालाने पुसत होता.

"ताई, काही दिसत नाही हो! वायपर नुसता चिखल फिरवतायत."

उल्हास तिच्या कानाशी लागला. "चल पुढे. सीझन आपलाच."

"आणि ती माणसं कुडकुडत वर येतील, त्यांना चहा नको? उतर! थर्मास उचल."

चहाचे थर्मास मिसळीच्या पातेल्यांशेजारी चढले. प्रकाशही मागच्या सीटवर बसला.

पहिला सायकलवाला वर पोचला तेव्हा कटाला वाफ होती. माणसं हातमोजे काढून पावावर तुटून पडली. सिरिलने चहाचा कप हातात घेतला आणि तो बघतच राहिला.

"चहासुद्धा तुम्हीच आणलात?"

"चहा प्रकाशचा. मी फक्त पोचवला. चांगला करतो हो तो."

"मग सीझन तुमचा, अनुराधाताई. चहा कुणाकडून घ्यायचा, ते तुम्हीच ठरवा."

अनुराधाने मान वळवली. "प्रकाश, चहा तुझाच. पण येणार माझ्या गाडीतून."

"हो ताई," प्रकाश म्हणाला. गेल्या वर्षी याच माणसाने तिला 'मॅडम, डोंगर आमच्यावर सोडा, तुम्ही पुरणपोळ्यांचं बघा' असं ऐकवलं होतं.

ढग सरकला. खाली समुद्रापर्यंतचं सगळं उन्हात उघडं पडलं. रिकामी पातेली खडखडवत पिकअप उतरणीला लागली. वाटेत प्रकाशने आपली व्हॅन घेतली आणि निमूटपणे तिच्या मागे लावली.

"जरा हळू," उल्हास म्हणाला.

"का? पुढच्या शनिवारची मटकी निवडायचीय," अनुराधा म्हणाली, आणि तिने काच खाली करून थंडगार वारा आत घेतला.