भोंगा बंद, औषध बंद

परबकाकांच्या पायावर बोट दाबलं, तर खळगा तसाच राहिला. उशांना टेकून बसले होते, तरी धाप थांबत नव्हती. संयुक्त महाराष्ट्रासाठी काही दिवसांपासून बंद चालू होता, म्हणून लालबागच्या माझ्या दवाखान्यातून मी चालतच त्यांच्या चाळीत आले होते. काका गिरणीतून निवृत्त झालेले, हृदय कमजोर. पण बंद सुरू होईपर्यंत तब्येत ठीक होती.

पहिला संशय मिठावर. हृदय दुबळं असलं की मिठाने अंगात पाणी साचतं.

“काकी, खारी सुकट दिलीत ना?” मी जरा तडकूनच विचारलं.

“खयची सुकट, डॉक्टरीणबाई? बाजार बंद आसा.”

मग मी औषधाची बाटली मागितली. त्या काळी मिक्श्चरच्या बाटलीवर डोसाच्या खुणा कापलेली कागदी पट्टी चिकटवत. संपत आलेली असायला हवी ती बाटली जवळजवळ भरलेली होती.

“काका, डोस का नाही घेतलेत?”

“भोंगो खय वाजलो?”

मला काही कळेना. काकींनी उलगडा केला. “सकाळचो भोंगो झालो की एक डोस, सांजचो झालो की दुसरो. आता गिरणी बंद, भोंगो बंद. लक्षातच रवला नाय.”

घरात घड्याळ नव्हतं. उभा जन्म गिरणीनेच त्यांना वेळ सांगितली होती.

तेवढ्यात काकांनी बाटली उचलली. “रवलेलो सगळो आताच पितंय.”

मी झडप घालून ती काढून घेतली. हे औषध हृदयाला जोर देतं, पण एकदम जास्त झालं तर हृदयच बंद पाडतं. मी नेहमीचा एकच डोस पाजला. राग आला होता आणि वाईटही वाटत होतं. ज्या बंदला काका-काकींचा मनापासून पाठिंबा होता, तोच काकांच्या जिवावर उठला होता.

“काकी, बंद असला तरी सकाळ-संध्याकाळ घरात काय चुकत नाही?”

“ह्यांची चाय. ती चुकली तर हे संपार जातले.”

“मग आधी औषध, मागाहून चाय.”

हळूहळू सूज उतरली. गिरण्या सुरू झाल्यावरही काकींनी तो नियम मोडला नाही.

तेव्हापासून नुसतं ‘दिवसातून दोनदा’ सांगणं मी सोडलं. म्हाताऱ्या पेशंटला विचारायचे, घरात रोज न चुकता काय होतं? कुणी चहा सांगे, कुणी देवपूजा. एकटे राहणारे एक आजोबा म्हणाले, “काहीच नाही.”

त्यांना मी रोज दवाखान्यात बोलावलं. डोस तिथेच द्यायचा ठरवला.