लालचंदशेठांचा मनोरा

पिंपळनेरच्या पेठेत लालचंदशेठांचं किराणा दुकान होतं, पण शेठ गादीवर टिकून बसलेले फारसे कुणी पाहिले नाहीत. गिऱ्हाइकाची डाळ मोजून होईपर्यंत ते रस्त्यावर जाऊन आभाळ बघून यायचे. वडील वारल्यावर त्यांनी दुकान धाकट्या भावाकडे सोपवलं, गावाबाहेरची एक बोडकी टेकडी घेतली आणि तिच्या उतारावर द्राक्षं लावली. आता तरी हा माणूस एका जागी थांबेल, असं घरच्यांना वाटलं.

झालं उलटंच. बाग फळाला आली तशी शेठांची झोप उडाली. साळुंख्या घड फोडायच्या, आणि फेब्रुवारी उजाडला की गारांची धास्ती. वेलींच्या मांडवाखाली उभं राहिलं की गारांचे ढग जिथून यायचे ते पश्चिमेचे डोंगर दिसायचे नाहीत. म्हणून त्यांनी अभिमन गवंड्याला बोलावून टेकडीच्या माथ्यावर मनोरा बांधायला सांगितलं.

"दगड बठ्ठा आठेच शे," अभिमन टेकडीवरचा खडक दाखवत म्हणाला. "पन शेठ, वर चढीसन काय करशात?"

"बघेन."

"अन् बघीसन?"

शेठ पावलांनी पाया मोजू लागले. काळ्या दगडाचा, बाहेरून वळत जाणाऱ्या जिन्याचा ठेंगणा मनोरा उभा राहिला. वर पत्रा टाकला. तेव्हापासून शेठांचा मुक्काम तिथेच. गोफण फिरवायची, पाखरं उठवायची, पश्चिमेच्या डोंगरावर नजर ठेवायची.

पुढे खायच्या द्राक्षांना उठाव राहिला नाही. तेव्हा नाशिककडच्या एका वाइनच्या कारखान्याचा माणूस येऊन म्हणाला, "आम्हाला लागतात त्या जातीची लावा, सगळा माल उचलतो." शेठांनी वेल बदलले. घरी मात्र एवढंच सांगितलं, "रसाची कंपनी आहे." ज्या जैन घरात कांदासुद्धा येत नव्हता, तिथे दुसरं काय सांगणार?

तोडणीच्या दिवसांत त्यांची बायको गुलाबबाई डबा घेऊन पहिल्यांदाच मनोऱ्यावर आली. खाली ट्रक भरत होता. तिनं एक मणी तोंडात टाकला.

"अहो, केवढ्या बिया! हे खातं कोण?"

"खायची नाहीत ती."

"मग?"

शेठ पाखरं नसलेल्या दिशेला गोफण फिरवू लागले. गुलाबबाई ट्रकवरचं वाइनच्या कारखान्याचं नाव वाचत राहिली. मग डबा कठड्यावर ठेवून खाली उतरली.

ती भांडली असती तर शेठांना बरं वाटलं असतं. पण तिनं त्या टेकडीचं नावच टाकलं. पर्युषणात ती जैन स्थानकात प्रवचनाला जायची आणि शेठ बाहेर चपलांपाशी येरझाऱ्या घालायचे. आत बसवेना, घरी जाववेना. शेवटच्या दिवशी सगळे एकमेकांची क्षमा मागत होते. तिनं नेहमीसारखे हात जोडले. शेठांना हात जोडता आले, शब्द फुटले नाहीत.

त्याच आठवड्यात त्यांनी कारखान्याला माल देणार नसल्याचं कळवलं आणि त्याच खोडांवर पुन्हा खायच्या द्राक्षाची कलमं बांधली. भाऊ म्हणाला, "वेड लागलं तुला." शेठांनी ऐकून घेतलं.

मधलं एक वर्ष रिकामं गेलं. कलमांना पहिला बहर आला, घडांत साखर भरत आली, आणि एका दुपारी पश्चिमेकडून काळंभोर आभाळ चालून आलं. शेठांना ते मनोऱ्यावरून सगळ्यांच्या आधी दिसलं. करता काहीच येत नव्हतं. कारखान्याचा ट्रक बंद झाल्यापासून गुलाबबाई पुन्हा टेकडीवर येऊ लागली होती; त्या दिवशी ती बागेतच होती. ती धावत जिना चढली. पत्र्यावर गारा अशा कोसळल्या की एकमेकांचं बोलणं ऐकू येईना. दोघं भिंतीला टेकून बसली आणि खालची बाग झोडपली जाताना बघत राहिली. तिनं त्यांचा हात धरला होता. शेठ उठायला बघत, ती खाली ओढी.

गारा थांबल्यावर ती म्हणाली, "चला, आता घरी."

शेठांनी वेल काढून टाकले, सीताफळ लावलं. सीताफळाला राखण फारशी लागत नाही. पण मनोरा ओस पडला नाही, कारण त्या टेकडीवर मोबाइलची रेंज मिळते ती फक्त वरच. टेकडीखालच्या वस्तीतले लोक फोन करायला तिथे चढतात. संध्याकाळी गुलाबबाईही चढते आणि सुरतेला दिलेल्या मुलीशी, हिनाशी बोलत बसते.

शेठांचे गुडघे आता जिना चढू देत नाहीत. ते खाली चकरा मारतात आणि मान वर करून विचारतात, "काय म्हणते ती? तिकडे आभाळ आलंय का?"

"थांबा जरा," वरून गुलाबबाई म्हणते, "बोलू द्या."

शेठ सीताफळांच्या रांगेत शिरतात, टोकापर्यंत जातात, आणि परत येऊन पुन्हा तेच विचारतात.