आदल्या संध्याकाळची शैला

शैला गेल्याचं मला कळलं तेव्हा मी सकाळच्या ऑपरेशनसाठी हात धूत होतो. सिस्टरने मोबाइल माझ्या कानाशी धरला, पलीकडे शैलाचा भाऊ होता. झोपेतच गेली, म्हणाला. मी बरं म्हणालो, हात पुन्हा कोपरापर्यंत धुतले आणि आत जाऊन हर्नियाचं ऑपरेशन केलं. आमच्या धंद्यात माणूस असा निबर होतो. दुपारी घरी येऊन जेवलो, जरा आडवा झालो, आणि मग उठावंसंच वाटेना. त्याला आता सहा आठवडे झाले. शीण काही जात नाही.

डॉ. शैला दाभोळे भूलतज्ज्ञ होती. कॉलेजात आम्ही एका वर्गात होतो. पुढे सिल्व्हर पार्कजवळ मी माझं छोटंसं रुग्णालय काढलं तेव्हापासून माझ्या बहुतेक पेशंटना तिनेच भूल दिली. आमच्या भागात भूलतज्ज्ञ कुठल्या एका रुग्णालयाचा नसतो. फोन आला की बॅग उचलायची, टेबलावर झोपवलेला पेशंट तिथेच पहिल्यांदा बघायचा, काम उरकायचं आणि पुढच्या ठिकाणी पळायचं. शैला असं करायला तयार नसे. ती आदल्या संध्याकाळी पेशंटच्या घरी जायची, आणि पेशंट जाड असला तर जायचीच जायची. पूर्ण भूल दिली की माणसाचा स्वतःचा श्वास थांबतो. घशातून नळी घालून तो आपण चालू ठेवायचा असतो. जाड माणसाच्या घशात जागा कमी, मान आखूड, आणि अंगातला प्राणवायूही लवकर संपतो. नळी दोन-तीन मिनिटांत गेली नाही तर सगळंच हातचं जातं. हे टेबलावर कळून काय उपयोग, असं तिचं म्हणणं.

तिच्या पर्समध्ये शिंप्याची टेप असायची. ती मानेचा घेर मोजायची, तोंड उघडायला लावायची, जीभ बाहेर काढायला सांगायची, मान मागे किती जाते ते बघायची. हे सगळं रुग्णालयातही झालं असतं. तिला खरं बघायचा असायचा तो पलंग. उशा किती घेता, उताणं झोपवतं का, घोरता का? झोपेत ज्याचा घसा मिटतो त्याचा भुलेतही मिटतो. पूनम सागर सोसायटीतले एक गुजराती दुकानदार तिला ठासून सांगत होते, "मॅडम, मैं तो एकदम शांती से सोता हूं." त्यांची बायको मागे उभी राहून छताकडे बघत होती. शैलाने पलंगावरच्या चार उशा मोजल्या आणि वहीत 'घोरतात' असं लिहून टाकलं. घोरणं कुणी कबूल करत नाही, बायका तर नाहीच. आपण घोरतो हे सुनेला सासूसमोर कसं सांगवणार? त्या म्हणे डोळ्यांनी सांगतात, आणि ते डोळे बघायला घरीच जावं लागतं. आम्ही सर्जन मंडळी तिची टिंगल करायचो. निघाली बाई हळदीकुंकवाला, म्हणायचो. शिवाय तिचे अंदाज पुष्कळदा चुकायचे. अवघड आहे म्हणून सांगायची, सगळी जय्यत तयारी करायची, आणि नळी सहज आत जायची. मी चिडवलं की दमून हसायची आणि म्हणायची, "असं चुकलेलं बरंच की रे."

खारी गावातल्या हिराबाईंच्या वेळी मात्र मी चिडवलं नाही, सरळ भांडलो. पित्ताशयातले खडे होते, वजन शंभरच्या वर. शैला आदल्या संध्याकाळी त्यांच्या घरी जाऊन आली. घरातले सगळे घोरत नाही म्हणाले, पण नवऱ्याची गादी ओटीवर होती, आणि हिराबाई स्वतः भिंतीला टेकून बसूनच झोपत होत्या. शैलाने त्यांना तिथेच सांगितलं की हे काम मोठ्या रुग्णालयात करा, इकडे जमायचं नाही. मग मला फोन केला. नळी गेली नाही तर तुझ्याकडे दुसरं साधन काय आहे, असं विचारलं. साधन काहीच नव्हतं. मी म्हणालो, तुला भीती वाटत असेल तर तसं सांग. ती म्हणाली, "वाटतेय."

हिराबाईंच्या मुलाचाही फोन आला. आई रडतेय, बाईंनी जाडी म्हणून नको म्हटलं, असं तो म्हणाला. तेव्हा मी जे बोललो ते इथे लिहिलंच पाहिजे. दाभोळे मॅडम जरा घाबरट आहेत, मी दुसरे डॉक्टर बोलावतो, उद्याच करून टाकू... असं मी बोललो. माझी घाई मला अजून नीट समजावता येत नाही. पेशंट ठरला होता, दिवस ठरला होता, एवढंच.

दुसरे डॉक्टर सकाळी आले, त्यांनी पेशंट टेबलावरच पाहिला आणि भूल दिली. नळी जाईना. दोनदा, तीनदा. मास्कनेही हवा आत जाईना. ओठ निळे पडायला लागले आणि प्राणवायू मोजणाऱ्या यंत्राचा सूर खाली खाली उतरायला लागला. माझे हात नुसते लोंबत होते. तेवढ्यात दार ढकलून शैला आत आली. ती सकाळपासून बाहेर बाकावर बसून होती, हे मला नंतर सिस्टरने सांगितलं. तिने कुणाकडे पाहिलं नाही. घड्या केलेल्या चादरी बरोबरच आणल्या होत्या, त्या हिराबाईंच्या खांद्यांखाली, डोक्याखाली सारल्या, कान छातीच्या रेषेत येईपर्यंत. दोन्ही हातांनी जबडा उचलून मास्क दाबून धरला, दुसऱ्या डॉक्टरांना हवेची पिशवी दाबायला लावली. ओठांवर रंग परत आल्यावर एक लवचिक कांडी आत सरकवली आणि तिच्यावरून नळी. मग मला म्हणाली, "कर आता तुझं काम." हिराबाई जाग्या होऊन नीट श्वास घेईपर्यंत ती तिथून हलली नाही.

हिराबाई पाचव्या दिवशी घरी गेल्या. जाताना माझ्या पाया पडल्या. मी पडू दिलं. शैलाची मी माफी मागितली नाही. ती मला परत कधी त्या दिवसाबद्दल बोलली नाही, पुढे चार वर्षं माझ्याकडे येत राहिली, तशीच आदल्या संध्याकाळी घराघरांतून फिरत राहिली. आपल्याला भरपूर वेळ आहे असंच मी धरून चाललो होतो...

मागच्या रविवारी मी खारीला गेलो. निदान त्या घरात तरी खरं सांगायचं, असं ठरवून गेलो होतो. आजूबाजूला इमारती उठल्यात, पण हिराबाईंचं घर आहे तिथेच आहे. त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं. मी एवढंच बोलू शकलो की दाभोळे मॅडम वारल्या. 

हिराबाई समोर भुईवर बसल्या. मग म्हणाल्या, "ती बाय येकदा आलती हितं. माजं आपरेशन झाल्यावर. मी दार न्हाय उघडलं. जाडी म्हनाली व्हती ना मला." शैला मग ओटीवर बसून राहिली होती, आणि जाताना हिराबाईंच्या नवऱ्याच्या हातात एक कार्ड देऊन गेली होती. मला तिने यातलं काहीच सांगितलं नव्हतं.

हिराबाईंनी आत जाऊन रेशनकार्डाच्या पिशवीतून ते कार्ड आणलं. मला वाचता येत न्हाय, मालक होते तवर कवा वाचून घेतलं न्हाय, तुमीच वाचा, म्हणाल्या. प्लास्टिकमध्ये घातलेलं होतं. शैलाचं ठसठशीत अक्षर. मी मोठ्याने वाचायला लागलो. 'या बाईंना भूल देण्याआधी हे वाचावे. नळी घालणे फार अवघड गेले. खांदे व डोके उंच घेतल्यावर जमले. भूल देणाऱ्याने आदल्या दिवशी यांना भेटावे. यांचा काही दोष नाही, घशाची ठेवणच तशी आहे. ऑपरेशन करणाऱ्याने घाई करू नये.'

"घाई कोनी केली व्हती?" हिराबाईंनी विचारलं.

"मी," म्हणालो.

त्यांनी माझ्या हातातून कार्ड काढून घेतलं, पदराने पुसलं, आणि मला त्याआधीची ओळ पुन्हा एकदा म्हणून दाखवायला लावली... दोष नाही म्हणणारी.