घसरगुंडीची तपासणी

घाटकोपरच्या एका धर्मादाय ट्रस्टचे एक कारकून होते. ट्रस्टने मदत दिलेली प्रत्येक गोष्ट ते स्वतः वापरून बघत. पाणपोईवर पाणी पीत, वाचनालयात पेपर वाचत, आणि दर वाक्यामागे "काय म्हणता?" विचारत.

आमच्या भांडुपच्या चाळीत त्यांच्या मदतीने मुलांची बाग झाली. कमिटीने लगेच फाटकाला कुलूप घातलं. खालच्या झोपडपट्टीतली पोरं गजांतून बघत राहत. मी सेक्रेटरी, किल्ली माझ्याकडे. लाज वाटायची, पण बोललो नाही.

कारकून साहेब तपासणीला आले ते पॅन्ट दुमडून थेट घसरगुंडीवर चढले आणि वरच बसले.

"उतरा ना साहेब, चहा गार होतोय," अध्यक्ष म्हणाले.

"ट्रस्टचा पैसा सगळ्यांसाठी असतो. त्या पोरांना आत घ्या, मग उतरतो. काय म्हणता?"

"अहो, ती आपल्या चाळीतली नाहीत."

"मी तरी कुठे आहे? मला चढू दिलंत ना?"

अध्यक्षांकडे न बघता मी कुलूप काढलं. पोरं आरडाओरडा करत आत घुसली. साहेब सुर्रकन खाली आले आणि पुन्हा घसरायला पोरांच्या रांगेत शेवटी जाऊन उभे राहिले.

घरी कधी सांगितलं नाही, पण त्यांच्या मागे मीही उभा राहिलो. चांगला दोनदा घसरलो.