घोडी आपणहून चालली तेव्हा

गुदवैगच्या हाताखालून किती घोडी गेली, तिलाच ठाऊक नाही. बारा वर्षांची होती तेव्हापासून बापाबरोबर जंगलातून ओंडके ओढणारी घोडी हाकायची. शाळा म्हणशील तर नावापुरती. पण घोड्याने कान हलवला की त्याच्या मनातलं हिला कळायचं. म्हणून तर म्हातारपणी फ्योर्डच्या, म्हणजे डोंगरांत शिरलेल्या खाडीच्या, काठच्या त्या तबेल्यात, अधू मुलांना फिरवणाऱ्या राउना घोडीचा दोर तिच्याच हातात दिलेला.

दर बुधवारी एल्द्रिद यायची. आठ वर्षांची पोर. गवताच्या माळ्यावरून पडली आणि कमरेखालचं सगळं गेलं. हलणं नाही, की हात लावलेला कळणं नाही. खोगीर न घालता नुसतं मेंढीचं कातडं टाकून तिला वर बसवायचे, घोडीची ऊब लागावी म्हणून. डॉक्टरने सांगितलंच होतं, यानं पाठ ताठ होईल, नीट बसता येईल. चालण्याचं विसरा.

"लवकर चल ना, म्हातारे! माझी चाकांची खुर्ची तुझ्याहून जोरात पळते," एल्द्रिद वरून गुदवैगला ओरडायची.

"मग खुर्चीलाच गवत घाल जा," गुदवैग म्हणायची.

एका बुधवारी काय झालं, गुदवैगने दोर हलवला नव्हता, तोंडाने चक् सुद्धा केलं नव्हतं, तरी राउना चालायला लागली. बघते तर पोरीची टाच घोडीच्या पोटाला दाबलेली! दोर, चक् नाहीतर टाच, यातलं काही मिळाल्याशिवाय राउना कधी निघायची नाही. कुंपणाशी पोरीची आई, आसलाउग, उभी होती. गुदवैग तिथूनच ओरडली, "अगं आसलाउग, पाय हलवला हिने! घोडीला कळलं बघ!"

आसलाउग पोरीसाठी घरात खालच्या मजल्यावर खोली बांधून घेणार होती. दुसऱ्याच दिवशी तिने सुताराला नको म्हणून कळवलं. "उन्हाळ्यापर्यंत जिना चढेल ती."

तीन आठवड्यांनी व्यायाम घेणाऱ्या बाईने पोरीच्या तळव्याला नुसतं बोट लावून दाखवलं. पाय ताडकन उडाला. "पोर हलवत नाही गं गुदवैग. पाय आपला आपणच उडतो."

शेवटी गुदवैग गेली त्यांच्या घरी.

"आसलाउग, चुकले मी. नुसता झटका होता तो."

"डोळ्यांनी पाहिलंस म्हणालीस ना?"

"पाहिलं. पण समजले चुकीचं."

एल्द्रिद टेबलाशी वॅफल खात होती. "मला माहीत होतं," ती म्हणाली. "पाय उडाला ते मला कळलंसुद्धा नव्हतं."

"मग बोलली का नाहीस, बाळा?"

"आई स्वयंपाक करताना गायला लागली होती."

आसलाउगने कॉफी ओतली. एकाच कपात, स्वतःच्या. "आता बुधवारी येणार नाही ती. यापुढे कधीच नाही."

"अगं, पाठ सरळ व्हायला लागलीय तिची. तेवढं तरी..."

"पाठ घेऊन काय करू मी?"

पोर खाता खाता खुर्चीत एका बाजूला कलली होती. गुदवैगने तिला सावरायला हात पुढे केला.

"राहू दे," आसलाउग म्हणाली.

गुदवैगने हात मागे घेतला.