आमदार, दंडार आणि आमचा धनराज

आमदाराने कलेच्या पाठीशी उभे राहावे असे वाटत असेल, तर त्याच्याकडे कामापुरते एकदाच जावे, की वर्षभर जात राहावे? या प्रश्नाचे उत्तर शोधायला मी निघालो होतो. उत्तर मिळाले. वाटेत आमच्या घरात एक माणूसही वाढले; तो भाग ओघाने येईल.

प्रथम पार्श्वभूमी. सत्तरीचे दशक संपत आले होते. एकोडीच्या पलीकडे आमचे गाव, आणि तिथल्या शाळेत मी शिक्षक. दिवाळी झाली की आमच्या भागात गावोगाव मंडई भरते. मंडई म्हणजे एक दिवसाची जत्रा. लेकी-जावई येतात, सोयरिकी जुळतात, जिलेबी खपते आणि भरदुपारी दंडार होते. दंडार म्हणजे गाणे, नाच आणि सोंगे मिळून झालेले आमचे लोकनाट्य. त्यात स्त्रियांची कामे पुरुषच करतात. आमच्या दंडारीतली राणी म्हणजे माझा धाकटा भाऊ धनराज. एरवी तो जवाहरनगरच्या फॅक्टरीत नोकरीला. पण मंडईच्या दिवशी तो लुगडे नेसून उभा राहिला, की गावातल्या बायका नकळत स्वतःचा पदर सारखा करीत!

रंगमंच म्हणजे शेजारी शेजारी लावलेल्या दोन बैलगाड्या आणि त्यांवर फळ्या. त्या वर्षी ऐन नाचात एक गाडी चालू लागली. राणीसाहेबांचा एक पाय राजवाड्यात आणि दुसरा अरण्यात, अशी अवस्था होऊन त्या जमिनीवर आल्या. घोटा सुजला. घरी हळद लावून घेताना धनराज म्हणाला,

"दादा, पुढच्या मंडईले अखेरचा नाचतो. पक्का रंगमंच झाला तं ठीक, नाई तं लुगडं पेटीत!"

"असं कसं बोलतोस?"

"पाय मोडला तं फॅक्टरीत मले राणी म्हणून घेतीन का?"

प्रश्न बिनतोड होता. राणी गेली तर दंडार गेली. आणि पक्का रंगमंच हवा, तर आमदारांनी शब्द टाकायला हवा.

आता पद्धतीविषयी. मी मुलांना नेहमी सांगतो, की परीक्षेच्या तोंडावर पुस्तक उघडू नये. अभ्यास वर्षभर करावा. हाच नियम मी आमदारांना लावला. निवडणुकीत सर्वच जण त्यांच्याकडे जातात. आपण बारा महिने जायचे. कामाचा शब्दही काढायचा नाही. आधी स्नेह, मग विषय.

आमचे आमदार, त्यांना भाऊसाहेब म्हणू. (खरे नाव का सांगत नाही, ते शेवटी कळेल.) संक्रांतीला मी पत्नीसह त्यांच्या घरी तिळगूळ घेऊन गेलो. शिमग्याला गेलो. पोळ्याला गेलो. कधी नव्या चिन्नोर तांदळाची पिशवी, कधी तलावातले ताजे शिंगाडे. भाऊसाहेबांच्या ओसरीवर बदल्या, परवाने आणि विहिरी मागणाऱ्यांची दाटी असे. त्या दाटीत मी एकटा काहीही न मागता हसत बसे.

"गुरुजी, काही काम होतं का?" ते दर वेळी विचारीत.

"छे, छे! सहज आलो. योग्य वेळ आली की बोलू. चार मोठी माणसं बसून बोलण्याचा विषय आहे तो."

भाऊसाहेब माझ्याकडे निरखून पाहत. मला वाटे, काय हा सूक्ष्म श्रोता!

त्यांची कन्या कुंदा चहा आणी. माझी पत्नी सुशीला तिला जवळ बसवून घेई, शिक्षण विचारी. एकदा तर तिने कुंदाला कुंकू लावून खण दिला. (बोलता बोलता दूरचे नातेही निघाले. आमच्या भागात चहा निवण्याच्या आत कोणाचेही नाते निघते.)

"घरी कोण कोण असतं, गुरुजी?" भाऊसाहेबांनी एकदा विचारले.

"धाकटा भाऊ आहे. फॅक्टरीत. नुकतंच क्वार्टर मिळालं." आणि विषय हळूच कलेकडे वळवावा म्हणून मी पुढे म्हणालो, "पण त्याचा खरा गुण तुम्ही प्रत्यक्षच पाहायला हवा. मंडईला या. घरच्या सर्वांना घेऊन या!"

"आमच्या आईलेही आणू?"

"मातोश्रींनी तर आलंच पाहिजे!"

भाऊसाहेबांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. परतताना मी सुशीलेला म्हणालो, "पाहिलंस? वर्षभराच्या संपर्काचं फळ. या माणसाला कलेची किती ओढ!"

मंडईच्या दिवशी दुपारी आमच्या दारात एक सोडून दोन जीप उभ्या राहिल्या. भाऊसाहेब, त्यांच्या पत्नी, मातोश्री, कुंदा, कुंदाचे मामा आणि फेटे बांधलेले आणखी काही वडीलधारे. एका दंडारीसाठी इतके लोक! माझा ऊर भरून आला. सगळे अंगणात सतरंजीवर बसले. मातोश्रींनी घराचे वासे पाहिले, विहीर पाहिली, गोठ्यातल्या गाईचे दातसुद्धा पाहिले. लोककलेचा इतका सर्वांगीण अभ्यास मी तोवर पाहिला नव्हता.

चहा झाला. मामांनी घसा साफ केला.

"तं गुरुजी, आता चार मोठी माणसं बसली हायेत. तुमचं काय असन ते मोकळं सांगा. देण्याघेण्याचं कायले मनात ठेवता?"

वर्षभर जपलेले वाक्य मी उभा राहून उच्चारले. "आम्हाला स्वतःसाठी काहीच नको. फक्त या गावात एक पक्का रंगमंच बांधून द्या."

सगळे फेटे एकमेकांकडे वळले.

"रंगमंच?" मामा म्हणाले. "सायकल नाई?"

"सायकल कशाला?"

"घड्याळ? रेडिओ?"

"दंडार घड्याळावर चालत नाही, मामा. आणि रेडिओ तर आमचा वैरीच!"

भाऊसाहेबांचे डोळे पाणावले. "गुरुजी, इतक्या वर्षांत लय लोक पाहिले. पण सारं गावासाठी मागणारा माणूस मी आजच पाहून राहिलो!"

मी भारावून गेलो. त्यांनाही भारावलेले पाहून अधिकच भारावलो.

"आता पोराले बोलवा," मामा म्हणाले.

"तो मंचावर आहे. चला, तिथेच पाहू!"

मैदानाकडे जाताना मातोश्री सुशीलेला सांगत होत्या, "पोट्टीले सारा सैपाक येते वं. फक्त भाकर जराशी जाड होते." दोन पावले गेल्यावर सुशीलेने माझे कोपर असे पकडले, की मी जागीच थांबलो.

"अवो! हे लोक कला पाहाले नाई आले! धनराजले पाहाले आले!"

"तेच तर म्हणतो मी! धनराज हीच कला!"

"डोस्कं हाये का ठिकाणावर? सोयरीक करून राहिले तुम्ही! वर्षभर!"

संक्रांतीपासूनचे सारे तिळगूळ माझ्या डोळ्यांपुढून गेले. पण तोवर पाहुणे बैलगाड्यांसमोर पोचले होते. राजा, शिपाई आणि राणी मंचावर होते.

"पोट्टा कोणता गा?" मातोश्रींनी विचारले.

मी जिलेबीवाल्याकडे पाहू लागलो.

"तो राजा?"

"नाही."

"मंग शिपाई?"

"नाही, आजी."

मातोश्रींनी मंचावर पाहिले. मग माझ्याकडे. मग पुन्हा मंचावर. तिथे हिरवे लुगडे, नाकात नथ आणि कपाळभर कुंकू लावून आमचा उपवर मुलगा घुंगरू वाजवीत होता!

मामांनी जीपच्या दिशेने पाऊल टाकले. नेमके त्याच वेळी राणीचे विलापाचे गाणे सुरू झाले.

इथे मला थोडे थांबावे लागेल. तो माझा सख्खा भाऊ. लहानपणी मी त्याचे नाक पुसले आहे. पण त्या दुपारी मला धनराज दिसलाच नाही. राज्य गेलेली, लेकरू हरवलेली एक बाई दिसली. फुगेवाल्याची पिपाणी थांबली. जिलेबीवाल्याने झारा हवेतच धरून ठेवला. मामांचे उचललेले पाऊल परत आले. मातोश्रींनी पदराचे टोक डोळ्यांना लावले, आणि त्यांच्या शेजारी कुंदा तोंड उघडे ठेवून उभी होती.

आणि चाकाखालचा दगड सरकला.

गाडी हलली. फळ्यांमध्ये फट पडू लागली. राणीला ते कळले. सूर मात्र हलला नाही. मी जागीच खिळलो. पण भाऊसाहेब धावले! पांढऱ्या धोतरात, चिखलात पाय रोवून त्यांनी चाकाला खांदा लावला. मागोमाग मामा.

"गाणं थांबवू का, साहेब?" राजाने वरून विचारले.

"खबरदार!" आमदार खालून गरजले. "गा म्हणा त्याले! मी हावो इथं!"

विलाप संपेपर्यंत त्यांनी चाक सोडले नाही. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले, आणि आजही सांगताना अंगावर काटा येतो.

धनराज खाली उतरला, तोच सुशीलेने त्याच्या कानात सारा प्रकार सांगितला. त्याचा चेहरा लुगड्यापेक्षा हिरवा पडला. तशाच वेशात तो मातोश्रींच्या पाया पडला. त्यांनी त्याची हनुवटी उचलली.

"काय निऱ्या काढल्या रे बापा! आमच्या कुंदीले शिकवशीन का?"

"मायी भाकर जाड होते," कुंदा म्हणाली. "चालन का?"

धनराजला राणीचे सर्व संवाद पाठ होते. स्वतःचा एकही आठवेना. त्याने नुसती मान हलवली. नथ हलली. सोयरीक पक्की झाली!

उन्हाळ्यात लग्न झाले. (आता व्याह्यांचे खरे नाव कसे छापणार?) मी हुंडा घेतला नाही. मांडव उतरल्यावर मी भाऊसाहेबांकडे गेलो आणि म्हणालो, "आता रंगमंचाचं पाहायचं का?"

ते दचकले. "व्याहीबुवा, तुम्ही साऱ्यांसमोर अंगणात मागितला ना! आता बांधला तं लोक म्हणतीन, आमदारानं सरकारी सिमेंटवर पोट्टी उजवली!"

त्याच वर्षी शेजारच्या गावात उत्तम पक्का रंगमंच झाला. तिथले मास्तर भाऊसाहेबांना आयुष्यात एकदाच भेटले होते. तेही रस्त्यात, सायकलवरून न उतरता. आमची दंडार मात्र टिकली, कारण कुंदाने धनराजला लुगडे पेटीत टाकू दिले नाही. आता दर मंडईनंतर आम्ही तिथे जाऊन, पाहुणे म्हणून, त्यांच्या मंचावर नाचतो.

तेव्हा प्रश्नाचे उत्तर असे: एकदा भेटल्यास रंगमंच मिळतो, वर्षभर भेटल्यास भावजय, तिचे मामा आणि दर सणाला दोन जीप पाहुणे मिळतात. अर्थात, हा निष्कर्ष एकाच प्रयोगावर आधारलेला आहे आणि प्रयोग करणारा मी आहे. म्हणून विनंती इतकीच, की माझ्यावर विश्वास ठेवू नये. आपापल्या आमदारांकडे जाऊन वाचकांनी स्वतः पडताळून पाहावे.